जुन्या गाडीच्या इंजिनची पुली गेली, वॉरंटी मिळेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी चारचाकी घेतली, दोन-तीन महिने बरी चालली आणि एक दिवस बॉनेटमधून घरघर सुरू झाली. मिस्त्री म्हणाला, "पुली गेलीय." पुली म्हणजे बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक. त्यानंतर कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर भागातले गाडीमालक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. पुलीची किंमत तशी डोळे पांढरे करणारी नसते. वॉरंटीचं भांडण पुलीवरून क्वचितच होतं. ती गेल्यावर गाडी किती लांब चालवली आणि इंजिनला आधी कुणी पाना लावला, यावरून होतं. घाईत असाल तर बेल्ट उडाल्यावर काय करायचं आणि क्लेम कसा मांडायचा, ही दोन उत्तरं आधी वाचा.

"पुली गेली" म्हणजे नेमकी कुठली?

हा प्रश्न मिस्त्रीलाच विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. इंजिनच्या तळाशी, क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला असते ती मोठी क्रँक पुली. तिच्यावरून जाणारा बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), एसीचा कॉम्प्रेसर आणि गाडीनुसार वॉटर पंप व पॉवर स्टीअरिंगचा पंप फिरवतो. रेडिएटरचा पंखा बहुतेक गाड्यांत केव्हाच विजेवर गेला, तरी आपल्याकडे या बेल्टला अजून फॅन बेल्टच म्हणतात. यातल्या प्रत्येक भागाला स्वतःची पुली असते. शिवाय बेल्टला वळण देणारी आयडलर पुली आणि ताण धरून ठेवणारी टेन्शनर पुली.

आयडलरची बेअरिंग गेली तर खर्च किरकोळ. क्रँक पुली गेली तर गोष्ट वेगळी, आणि वॉरंटीच्या यादीतही दोन्हींची जागा वेगळी असते. नुसतं "पुली खराब" लिहून क्लेम टाकला की समोरचा आपल्या सोयीची पुली धरतो.

आवाजावरून ओळखता येते का?

बऱ्याच अंशी. सकाळी गार इंजिन सुरू करताना किंवा एसी लावताना चिर्रर्र असा किंचाळता आवाज आला, तर संशय बेल्टवर किंवा त्याच्या ताणावर. अखंड घरघर, जी रेस वाढवली की वाढते, ती बेअरिंगची. टकटक किंवा थडथड, आणि त्याबरोबर स्टीअरिंगपर्यंत पोचणारी थरथर असेल तर क्रँक पुली बघा. मात्र इंजिनचं माउंटिंग बसलं तरी अशीच थरथर येते, म्हणून नुसत्या कानावर निकाल देऊ नका.

मिस्त्री चालू इंजिनच्या बेल्टवर पाण्याचे चार थेंब उडवतात. आवाज क्षणभर थांबला तर बहुधा बेल्ट, तसाच राहिला तर बेअरिंग. खात्रीची तपासणी म्हणजे इंजिन बंद करून बेल्ट उतरवायचा आणि एकेक पुली हाताने फिरवून बघायची. खरखर लागली किंवा बाजूला हलली, की ती गेली. अल्टरनेटरवर काही गाड्यांत एकाच दिशेने मोकळी फिरणारी पुली असते. ती दोन्ही दिशांना मोकळी फिरत असेल किंवा दोन्हीकडे घट्ट असेल तर बाद.

बेल्ट वर्षात दोनदा बदलला आणि तिसराही एका कडेने कातरत चालला, तर चौथा आणू नका. दोष पुलीत आहे.

घाटात बेल्ट उडाला. तशीच गाडी घरापर्यंत आणली तर चालेल का?

नको. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात किंवा आंबा घाटात गाडी उभी करणं जिवावर येतं, पाऊस असतो, रेंज नसते, सगळं मान्य. तरी हे समजून घ्या.

बेल्ट गेला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, कारण अल्टरनेटर थांबला. लोकांना वाटतं, बॅटरीचंच काहीतरी असेल, घरी जाऊन बघू. पण तुमच्या गाडीचा वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिनमधलं पाणी फिरायचं थांबलेलं असतं. चढावर काही मिनिटांत तापमान वर जातं, हेड गॅस्केट जळतं, ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा झाकणासारखा भाग, वाकतं. कूलंट उकळून बाहेर पडलं की तापमानाचा काटाही खोटं बोलू लागतो, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही. काही गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणाऱ्या वेगळ्या बेल्टवर) किंवा वेगळा विजेवर असतो. त्या तापणार नाहीत, पण बॅटरी उतरेपर्यंतच चालतील.

उतारावर आणखी एक धोका. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. बेल्ट गेला की दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. ऑइलवर चालणारं पॉवर स्टीअरिंगही जड होतं. तेव्हा सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. इन्शुरन्ससोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर ते याच दिवसासाठी.

आता वॉरंटीचा भाग. अनेक गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन तापल्याची नोंद राहते. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला की ती दिसते. मग पुली मंजूर झाली तरी हेडचा खर्च "ताकीद मिळूनही गाडी चालवली" म्हणून तुमच्या माथी येतो, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

क्रँक पुली लोखंडाची. ती खराब कशी होते?

लोखंड खराब होत नाही, रबर होतं. आत एक हब, बाहेर एक जड कडं आणि दोघांच्या मध्ये रबराची पट्टी, अशी तिची रचना असते. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की दर वेळी क्रँकशाफ्ट किंचित पिळवटतो आणि सुटतो. ती पिळवट शोषून घेणं हे या रबराचं काम. वय, उष्णता आणि गळकं ऑइल यांनी रबर कडक होतं किंवा फुगतं, भेगा पडतात, आणि बाहेरचं कडं जागेवरून सरकतं किंवा लडबडत फिरतं. काही इंजिनांत टायमिंगची खूण याच कड्यावर असते. कडं सरकलं की खूण चुकीची दाखवते आणि मिस्त्री भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरं कारण माणसांनी केलेलं. आधी कुणीतरी टायमिंगचं काम करताना मधला बोल्ट टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) न वापरता अंदाजाने आवळलेला असतो. तो सैल झाला की पुली चावीवर (तिला शाफ्टवर जागी धरणाऱ्या लोखंडी तुकड्यावर) खेळू लागते, चावीची खाच खाल्ली जाते, आणि शेवटी क्रँकशाफ्टचं टोक खराब होतं. तिथपर्यंत गेलं तर खर्च पुलीचा राहत नाही, इंजिन उतरवण्याचा होतो.

उद्यमनगरात लेथवर नवी पुली बनवून घेऊ का? तिथे काय होत नाही!

होतं सगळं, हे खरंच. शिवाजी उद्यमनगरने ऑइल इंजिनं घडवली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून देशभरच्या गाड्यांना कास्टिंग जातं. नमुना दिला तर संध्याकाळपर्यंत पुली हातात. ऊस गाळायच्या चरकाला, पिठाच्या गिरणीला, शेतावरच्या पंपाला अशी पुली खुशाल लावा.

गाडीच्या क्रँकला नको. लेथवरची पुली अखंड लोखंडाची असणार, तिच्यात मधलं रबर नाही. जी पिळवट रबर शोषत होतं ती आता क्रँकशाफ्ट सोसणार. गाडी चालेल, कदाचित बरेच महिने चालेल, आणि मग क्रँक तुटल्यावर कुणालाच पुली आठवणार नाही. बॅलन्सिंगचा मुद्दा वेगळाच. सुटलेलं कडं वेल्डिंगने टाके मारून बसवणं हा तर याहून वाईट उपाय, आणि तो सर्रास होतो. विकायला काढलेल्या गाडीवर हे टाके दिसले तर किंमत पाडून मागण्यात वेळ घालवू नका, दुसरी गाडी बघा.

आयडलरचं तसं नाही. तिची बेअरिंग नंबर बघून, चांगल्या कंपनीची आणून प्रेसने बसवली तर काम टिकतं. फक्त वॉरंटी चालू असताना हा उद्योग करू नका.

माझी गाडी दुसऱ्या मालकाची. कंपनीची वॉरंटी मला लागू होते का?

सहसा होते. नव्या गाडीसोबतची वॉरंटी गाडीला चिकटलेली असते आणि तिचे दिवस पहिल्या विक्रीपासून मोजले जातात. आज बहुतेक कंपन्या ३ वर्षांच्या आसपास देतात, काही किलोमीटरची मर्यादा घालून. वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी संपेल ते धरायचं. वाढीव वॉरंटी पहिल्या मालकाने विकत घेतली असेल तर मात्र ती तुमच्या नावावर करून घ्यावी लागू शकते. त्याला मुदत आणि थोडी फी असते. आरसी नावावर झाली की त्याच आठवड्यात शोरूममध्ये जाऊन हे विचारा.

अडतं ते सर्व्हिसच्या नोंदींवर. मधल्या दोन सर्व्हिसिंग बाहेर केलेल्या असतील आणि बिलं नसतील, तर क्लेमला पहिला आक्षेप तिथेच येतो.

चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलही बघून घ्या. तुमच्या मॉडेलचा एखादा भाग कंपनीने परत बोलावला असेल तर तो मोफत बदलून मिळतो, मालक कितवाही असो.

विक्रेत्याने "इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिने वॉरंटी" दिली आहे. पुली इंजिनचीच ना?

तुमच्या-माझ्या भाषेत इंजिनचीच. वॉरंटीच्या कागदाच्या भाषेत बहुतेक वेळा नाही, आणि इथेच सगळे फसतात. अशा कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की "इंजिनच्या आतले, ऑइलमध्ये चालणारे भाग". पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, टायमिंग चेन यांना कव्हर. पुल्या इंजिनच्या बाहेर, कोरड्या. बेल्ट तर झिजणारा भाग म्हणून सरळ वगळलेला. आता गंमत बघा: क्रँकशाफ्टला कव्हर आहे, पण न धरलेल्या भागामुळे धरलेल्या भागाचं नुकसान झालं तर तेही वगळायचं, असं आणखी एक कलम असतं. म्हणजे पुलीने क्रँक खाल्ला तर दोन्ही तुमचे.

म्हणून पैसे देण्याआधी कागद वाचा आणि सरळ विचारा: क्रँक पुली, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप यादीत आहेत का? एका क्लेमला जास्तीत जास्त किती रक्कम? मजुरी धरली आहे का? दुरुस्ती कुठे करायची? पुण्याहून गाडी घेतली आणि दुरुस्ती फक्त पुण्याच्याच वर्कशॉपमध्ये मान्य असेल, तर पुलीपेक्षा टोइंग महाग पडेल.

"काही झालं तर मी आहे की, घरचीच गाडी समजा" असं तोंडी सांगितलं होतं.

ती वॉरंटी नव्हे, तो पाहुणचार होता. तोंडी शब्द कायद्यात अगदीच शून्य नसतो, पण सिद्ध तुम्हाला करायचा असतो. व्हॉट्सॲपवर त्याने "तीन महिन्यांत इंजिनला काही आलं तर करून देतो" असं लिहिलेलं असेल तर ते जपा, चॅट डिलीट करू नका. नसेल तर आत्ता एक साधा मेसेज टाका: अमुक तारखेला गाडी घेतली, तुम्ही अमुक सांगितलं होतं, आता असा आवाज येतोय. उत्तरात तो काय लिहितो हे पुढे उपयोगी पडतं.

क्लेम कसा मांडायचा?

गाडी खोलण्याआधी कळवायचं. हे एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं. गल्लीतल्या मिस्त्रीने पुली उतरवली, मग शोरूमला नेली, की "आधीच छेडछाड झाली आहे" हा शिक्का बसतो.

आवाजाचा व्हिडिओ घ्या, त्याच चित्रीकरणात किलोमीटरचा आकडा आणि लागलेले दिवे येऊ द्या. ईमेलवर किंवा ॲपवर तक्रार टाकून तिचा नंबर मिळवा. गाडी आत देताना जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या. तिथला मुलगा घाईत "जनरल चेकअप" लिहितो, ते खोडायला लावा. तपासणीसाठी इंजिन उघडायचं असेल तर खोलण्याची मजुरी कुणी द्यायची, क्लेम नाकारला तर काय, हे आधी ठरवा. आणि निकाल लागेपर्यंत जुनी पुली, बेल्ट, बोल्ट ताब्यात ठेवा किंवा त्यांच्याकडे असतील तर फोटो काढून ठेवा.

"वेअर अँड टेअर आहे" म्हणून क्लेम नाकारला. संपलं का?

नाही. आधी ते लेखी मागा, कलमाच्या क्रमांकासह. फोनवरचा नकार हा नकार धरू नका.

मग मालकाच्या पुस्तिकेतलं सर्व्हिसचं वेळापत्रक उघडा. बेल्ट किती किलोमीटरला तपासायचा किंवा बदलायचा हे तिथे असतं, म्हणून तो झिजणारा भाग हे मान्य करावं लागतं. क्रँक पुलीसाठी असं वेळापत्रक सहसा नसतं. जो भाग ठरावीक काळाने बदला असं कंपनी स्वतःच सांगत नाही, तो झिजेचा कसा, हा प्रश्न लेखी विचारण्यात वजन आहे. विक्रेत्याने शे-दीडशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल दिला असेल तर त्यात "बेल्ट, पुली, इंजिनचा आवाज" यासमोर बरोबरची खूण आहे का बघा. त्यांनीच ठीक ठरवलेला भाग पंधरवड्यात गेला, तर त्यांना उत्तर देणं जड जातं.

कंपनीची वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सगळं सर्व्हिसिंग शोरूममध्येच झालं असेल, तर सवलतीचा अर्ज करून बघा. कधी सुट्या भागाचा काही हिस्सा कंपनी उचलते. तो हक्क नाही, त्यामुळे भाषा त्या हिशेबाने ठेवा.

इन्शुरन्समधून मिळेल का?

नाही. फुल इन्शुरन्सही झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाही. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर मुख्यतः पाणी शिरणं, ऑइल गळणं यातून होणाऱ्या नुकसानीसाठी असतं. अपघातात पुली फुटली असेल तर गोष्ट निराळी.

ग्राहक आयोगात जाता येतं का?

विक्रेता गाड्यांचा धंदा करणारा असेल तर हो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्यातून घेतली असली तरी कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत २ वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून बघा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून जुना भाग भंगारात घालायचा नाही.

गाडी टुरिस्ट परमिटवर धंद्यासाठी घेतली असेल तर "तुम्ही ग्राहकच नाही" असा बचाव येतो. एकट्याने स्वतः चालवून पोट भरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहक धरतो.

ओळखीच्या माणसाकडून थेट घेतली असेल तर हा रस्ता जवळपास बंद. माल विक्री अधिनियम, १९३० मध्ये दर्जाची गृहीत हमी धंदेवाईक विक्रेत्याच्या बाबतीत लागू होते. शेजाऱ्याने विकलेल्या गाडीला ती लागत नाही. त्याने दोष माहीत असून लपवला हे दाखवता आलं तरच दिवाणी दाव्यात काही हाती लागेल, आणि एका पुलीसाठी शेजाऱ्याशी कोर्टात जाणं परवडतं का ते तुम्हीच ठरवा.

धंदा करणाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी ते नियमात आलं आहे.

पुरातली गाडी असेल तर पुलीवरून कळतं का?

कधी कधी कळतं. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. सीट धुतात, कार्पेट बदलतात, डॅशबोर्डला पॉलिश मारतात. आयडलरच्या बेअरिंगमधलं ग्रीस कुणी बदलत नाही. पाण्यात राहिलेली बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांत घरघरते, आणि एक नव्हे, आयडलर, टेन्शनर, अल्टरनेटर अशा सगळ्या मागोमाग जातात. पुलीच्या खाचेत तळाशी वाळलेला गाळ, ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला एकसारखा गंज, असं दिसलं तर सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाकडे गाळाचे डाग आहेत का बघा आणि जुन्या पॉलिसीवरचा क्लेमचा इतिहास मागा. "डॉक्टरांची गाडी, पावसात कधी काढलीच नाही" यावर विसंबू नका. कोल्हापुरात विकायला आलेली प्रत्येक दुसरी गाडी डॉक्टरांचीच असते.

गाडी घेण्याआधी पुली कशी बघायची?

गार इंजिनवर. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात क्रँक पुलीकडे बाजूने बघा, ती सरळ फिरायला हवी. सुरू असलेल्या इंजिनजवळ ओढणी, टाय, सैल बाही नको. एसी आणि हेडलाइट लावून स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवा, भार आला की दबलेला आवाज वर येतो. मग इंजिन बंद करून बेल्टच्या कडा आणि पुलीमागचं ऑइल बघा. नवा कोरा बेल्ट आणि जुनाट पुल्या दिसल्या तर बेल्ट का बदलला ते विचारा.

पुली बदलताना आणखी काय बदलावं?

बेल्ट, आणि ऑइल झिरपत असेल तर क्रँकचा पुढचा सील. मधला बोल्ट अनेक कंपन्या एकदाच वापरायचा म्हणतात, तो नवाच घ्या. आणि तुमच्या इंजिनला चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल तर त्याची वेगळी टेन्शनर आणि आयडलर असते. ती अडकली तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, म्हणून टायमिंग बेल्ट बदलताना त्या जुन्या ठेवून पैसे वाचवू नका.

घरघर आहे, पण गाडी चालतेय. वॉरंटीला अजून दोन महिने आहेत. थांबू का?

थांबू नका, उद्याच नोंद करा. वॉरंटीच्या काळात जॉब कार्डवर आलेली तक्रार नंतर भाग पूर्ण गेला तरी तुमच्या बाजूने उभी राहते. "आता काही दिसत नाही, आवाज वाढला की या" असं सांगून परत पाठवलं, तर हेच वाक्य जॉब कार्डवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या.